खुब्याच्या सांध्याचा दाह : एमआरआय कधी काढावा, चिठ्ठीत काय लिहावे आणि कोणत्या क्रमाने वाचावा

जांघेत दुखते, पाय टेकवताना लचकतो, मांडी घालून बसता येत नाही, अशी तक्रार घेऊन आलेल्या पेशंटच्या पिशवीत हल्ली एमआरआय आधीच असतो. त्याच्या रिपोर्टची शेवटची ओळ बहुधा अशी असते: सांध्यात पाणी व अस्तराला सूज, क्षयरोग, संधिवात किंवा इतर जंतुसंसर्ग संभवतो, प्रत्यक्ष तपासणीशी ताडून पाहावे. या एका ओळीवर कोणाला क्षयरोगाच्या गोळ्या सुरू होतात, कोणाला स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले जाते, तर कोणाला 'पाणी झाले आहे, आराम करा' असे सांगून घरी पाठवले जाते. यात दोष यंत्राचा क्वचितच असतो. एक्स-रे वगळलेला असतो, चिठ्ठीत प्रश्न लिहिलेला नसतो, एकाच खुब्याचे चित्र काढलेले असते, किंवा जे चित्रावरून कधीच ठरणार नाही ते चित्रावरून ठरवले जाते. हा लेख तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे, आणि पेशंटला नागपूर, सेवाग्राम किंवा सावंगीला घेऊन जाणाऱ्या नातेवाइकांनाही त्यातील तयारीचा भाग उपयोगी पडावा.

टप्पा १ : एमआरआयची वाट पाहता येईल का, हे आधी ठरवावे

सांध्यात पू झाला असेल, तर कूर्चेची, म्हणजे सांध्यातील हाडांच्या टोकांवरील गुळगुळीत आवरणाची, हानी तासातासाने वाढते. त्यामुळे 'परवाची अपॉइंटमेंट मिळाली आहे' हे उत्तर अशा पेशंटसाठी चालत नाही. लहान मुलांत पू झालेला सांधा आणि आपोआप बरी होणारी तात्पुरती सूज यांत फरक करण्यासाठी १९९९ साली कोखर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या चार खुणा आजही वापरल्या जातात: ३८.५ अंश सेल्सियसहून, म्हणजे सुमारे १०१ अंश फॅरनहाइटहून, अधिक ताप. दुखऱ्या पायावर अजिबात भार न घेणे. ईएसआर (रक्तातून दाह ओळखण्याची चाचणी) ४० किंवा त्याहून अधिक. आणि पांढऱ्या पेशी १२,०००हून अधिक. यांपैकी एकही खूण नसेल तर पू असण्याची शक्यता फारच कमी असते. जितक्या खुणा जास्त, तितकी ती वाढत जाते. पुढे सीआरपीची, म्हणजे दाह दाखवणाऱ्या दुसऱ्या रक्तचाचणीची, भर पडली. लिटरला २० मिलिग्रॅमहून अधिक सीआरपी ही तितकीच गंभीर खूण मानावी.

तीन-चार खुणा असलेल्या मुलाला एमआरआयच्या रांगेत बसवू नये. सोनोग्राफीत पाणी दिसले की सुईने ते काढून तपासावे, आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे त्याच दिवशी पोचवावे. एमआरआय लगेच मिळत असेल आणि त्याने ऑपरेशन लांबणार नसेल, तरच तो काढावा.

*सावधान:* सांध्यातील पाणी तपासायला घेण्यापूर्वी अँटिबायोटिक सुरू केले, तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहण्याची चाचणी, निगेटिव्ह येण्याची शक्यता वाढते आणि पुढचे निदान अंधारात राहते. पेशंटची प्रकृती गंभीर असेल तर अर्थातच औषध थांबवू नये. मात्र निदान रक्ताचे कल्चर तरी आधी घ्यावे.

मोठ्या माणसांतही एक तातडी असते. वयस्क बाई साधे घसरून पडल्यावर चालू शकत नसेल आणि एक्स-रे नॉर्मल असेल, तरी मांडीच्या हाडाच्या मानेत न दिसणारे फ्रॅक्चर असू शकते. तिला दुचाकीवर मध्ये बसवून नेऊ नये, १०८ बोलवावी.

टप्पा २ : दुखणे खुब्याचेच आहे याची खात्री आणि एक्स-रे

खुब्याचे दुखणे गुडघ्यात जाणवते, विशेषतः मुलांत. गुडघ्याचे एक्स-रे दोनदा काढून झाले आणि खुब्याला कोणी हात लावला नाही, असा प्रकार आजही वारंवार दिसतो. मुलाला उताणे निजवून, गुडघा वाकवून मांडी आत वळवून पाहावी. ती वळत नसेल किंवा वळवताना मूल कण्हत असेल, तर दोष खुब्यात आहे. उलट, जांघ दुखते म्हणून आलेल्या मोठ्या माणसाचा पाय पोटाकडे वाकलेलाच राहत असेल, पण वाकलेल्या स्थितीत तो मोकळा वळत असेल, तर मणक्याच्या क्षयरोगाचा पू कण्यापासून मांडीपर्यंत जाणाऱ्या सोआस स्नायूतून खाली उतरला असण्याचा संशय घ्यावा. तेव्हा पाठीचा कणा बोटाने ठोकून पाहणे हे खुब्याच्या एमआरआयहून जास्त सांगते.

एक्स-रे वगळू नये. दोन्ही खुब्यांचा समोरून एक, आणि दोन्ही मांड्या बेडकासारख्या फाकवून एक, अशा दोन फिल्म घ्याव्यात. दहा ते सोळा वर्षांच्या वयात मांडीच्या हाडाच्या वरच्या गोल टोकाची, म्हणजे गोळ्याची, वाढीची टोपी घसरलेली आहे का, हे बहुधा दुसऱ्या फिल्ममध्येच कळते, आणि ती घसरलेली दिसली तर मुलाने त्या क्षणापासून पायावर भार देऊ नये. चार ते आठ वर्षांच्या मुलांत गोळा चपटा होत चालला आहे का, ते पाहावे. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून दाह नाही असे मात्र नव्हे. गोळ्याचा रक्तपुरवठा तुटणे, क्षयरोग आणि पू, या तिन्हींत सुरुवातीचे आठवडे एक्स-रे स्वच्छ असू शकतो. तो काढायचा तो एमआरआयच्या चित्राला अर्थ देण्यासाठी. सांध्याची फट कुठून कमी झाली आहे आणि हाड कडेने कुरतडले आहे का, हे कळल्याशिवाय एमआरआयमधील सूज नुसतीच सूज राहते.

रक्तात सीबीसी, ईएसआर, सीआरपी, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि सिकलसेलची (लाल पेशी विळ्यासारख्या होण्याच्या आनुवंशिक आजाराची) चाचणी एवढे तरी हाती असावे. पूर्व विदर्भात, आणि पश्चिमेकडे मेळघाटात, सिकलसेलची चाचणी केल्याशिवाय खुब्याचा एमआरआय सांगणे मला अर्धवट काम वाटते. सोल्युबिलिटी चाचणी पॉझिटिव्ह आली तर पेशंट वाहक आहे की रुग्ण, हे एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या हिमोग्लोबिनच्या तपासणीने ठरवावे. एक बारकावा लक्षात असू द्यावा: सिकलसेलच्या रुग्णात ईएसआर फसवा, म्हणजे कमी येतो. त्यामुळे अशा मुलात 'ईएसआर नॉर्मल आहे, संसर्ग नाही' हे वाक्य चुकीचे ठरू शकते, आणि भर सीआरपीवर ठेवावा लागतो.

टप्पा ३ : विचारपूस

पेशंटला थेट 'स्टेरॉइड घेता का' असे विचारल्यास उत्तर 'नाही' येते. 'दम्याला, अंगावरच्या खाजेला किंवा सांधेदुखीला कोणाकडून पुड्या घेतल्या का, त्याने लगेच बरे वाटले का, भूक वाढली का, चेहरा सुजला का' असे विचारावे. शक्य असेल तर पुडी किंवा रिकामे पाकीट घेऊन यायला सांगावे. कोविडच्या आजारात स्टेरॉइड दिले गेले होते का, रोजची दारू किती, हेही विचारावे. रक्तपुरवठा तुटून गोळा खराब होण्याची ही सर्वांत ओळखीची कारणे आहेत.

त्यानंतर घरात कोणाला क्षयरोगाचे औषध चालू होते का, वजन घटले का, संध्याकाळी ताप येतो का. गाई-शेळ्यांचे काम आणि कच्चे दूध, कारण ब्रुसेला हा जंतू कमरेच्या मागच्या, म्हणजे सॅक्रोइलियाक सांध्यात बसतो आणि दुखणे खुब्याचे म्हणून सांगितले जाते. तरुण माणसाला पहाटे कंबर आखडून जाग येते का आणि कामाला लागल्यावर ती मोकळी होते का; होत असेल तर दाहक संधिवाताच्या बाजूने विचार करावा. बाईला दिवस गेले आहेत का. चंद्रपूर-यवतमाळकडील पेशंट असेल, तर हातपंपाच्या पाण्यात फ्लोराइड असल्याचे गावात सांगितले गेले आहे का, कारण फ्लोरोसिसमध्ये हाडे घट्ट आणि सांधे आखडलेले असतात व एक्स-रे वाचताना ते ध्यानात ठेवावे लागते.

टप्पा ४ : चिठ्ठी

सर्वाधिक चुका इथे होतात, आणि त्या सुधारायला एक पैसाही लागत नाही. नेहमीची चिठ्ठी अशी असते: 'एमआरआय, उजवा खुबा.' यंत्रावर बसलेला तंत्रज्ञ त्यावरून ठरलेला साचा लावतो, रेडिओलॉजिस्ट दिसले ते लिहितो, आणि सगळ्या शक्यता सांभाळणारा रिपोर्ट येतो. त्याऐवजी चिठ्ठी अशी असावी:

'वय ३४, पुरुष, ट्रॅक्टरचालक. उजव्या जांघेत पाच महिन्यांपासून दुखणे, दोन महिन्यांपासून लंगडणे. ताप नाही, वजन घटले. दम्यासाठी वर्षभर अनामिक पुड्या, स्टेरॉइड असण्याचा संशय. सिकलसेल निगेटिव्ह. ईएसआर ५८, सीआरपी १८, क्रिएटिनिन ०.९. एक्स-रेत फट किंचित कमी, गोळ्याचा आकार शाबूत. तीन आठवडे दुखण्याच्या गोळ्या चालू. प्रश्न: क्षयरोग की रक्तपुरवठा तुटणे, की दोन्ही? दोन्ही खुबे व सॅक्रोइलियाक सांधे एका चित्रात घ्यावेत. कॉन्ट्रास्ट द्यावा.'

दुखण्याच्या गोळ्यांचा उल्लेख मुद्दाम केला आहे. दाहक संधिवातात या गोळ्यांनी हाडाच्या मज्जेतील सूज कमी दिसू शकते, आणि मग रिपोर्ट 'नॉर्मल' येतो. गोळ्या बंद करायच्या की नाही हे पेशंटच्या त्रासावरून ठरवावे. पण त्या चालू आहेत हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

कॉन्ट्रास्ट, म्हणजे चित्र उठावदार करण्यासाठी शिरेतून दिले जाणारे इंजेक्शन, प्रत्येकाला लागत नाही. केवळ रक्तपुरवठा तुटल्याचा किंवा न दिसणाऱ्या फ्रॅक्चरचा प्रश्न असेल, तर साध्या चित्रावर बहुधा भागते. संसर्ग, अस्तराचा दाह, गळू किंवा गाठ यांचा प्रश्न असेल तर तो द्यावा, कारण सांध्यातील पाणी आणि सुजलेले अस्तर साध्या चित्रात एकमेकांत मिसळून दिसतात. एमआरआयचा कॉन्ट्रास्ट हा गॅडोलिनियमचा असतो, सीटी स्कॅनच्या आयोडीनच्या डायचा नव्हे. म्हणून 'मागच्या वेळी सीटीच्या इंजेक्शनने पुरळ आले होते' ही माहिती जरूर सांगावी, पण तेवढ्याने कॉन्ट्रास्ट रद्द होत नाही. किडनीचे काम फार घटलेले असेल, म्हणजे ईजीएफआर ३०च्या खाली असेल किंवा डायलिसिस चालू असेल, तर रेडिओलॉजिस्टशी आधी बोलावे. गरोदरपणात कॉन्ट्रास्ट टाळावा.

*पडताळणी:* चिठ्ठी हातातून जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. बाजू बरोबर लिहिली आहे का? प्रश्न प्रश्नचिन्हासह लिहिला आहे का? क्रिएटिनिनचा आकडा आहे का?

टप्पा ५ : घरून निघण्यापूर्वी

अंगावरचा धातू घरीच उतरवून ठेवणे सोयीचे. मंगळसूत्र, जोडवी, बांगड्या, नाकातली चमकी, करदोड्यातील चांदी, दंडावरचा ताईत, केसांतल्या पिना, हे सारे काढावे लागते, आणि बोटात वर्षानुवर्षे रुतलेली जोडवी केंद्रावर गेल्यावर निघत नाहीत. साबणाचे पाणी लावून आदल्या रात्री काढून ठेवावीत. मंगळसूत्र काढायला घरात कोणाचा विरोध असेल, तर ती समजूतही घरीच घातलेली बरी. गोंदण असल्यास सांगून ठेवावे.

हृदयाचा पेसमेकर, मेंदूतील क्लिप, कानातले बसवलेले यंत्र, पूर्वीच्या ऑपरेशनचा रॉड किंवा प्लेट यांची कागदपत्रे सोबत न्यावीत. वेल्डिंगचे किंवा ग्राइंडिंगचे काम केलेल्या माणसाच्या डोळ्यात कधी लोखंडाचा कण गेला होता का, हे आवर्जून विचारावे. अवजारे दुरुस्त करणाऱ्यांत ही शक्यता खरी असते, आणि संशय आल्यास डोळ्याचा एक्स-रे आधी काढला जातो.

लहान मुलाला झोपवून चित्र काढायचे असेल, तर साधारणपणे जेवण सहा तास, आईचे दूध चार तास आणि साधे पाणी दोन तास आधी बंद करतात. केंद्राने वेगळे सांगितले असल्यास तेच पाळावे. इथे सिकलसेलच्या मुलांसाठी स्वतंत्र काळजी लागते. पाणी कमी पडणे आणि थंडी, या दोन्हींनी त्यांना दुखण्याचा झटका येऊ शकतो. मे महिन्यात चार तास एसटीतून आलेले मूल उपाशी-तहानलेले ठेवून एसीच्या थंडगार खोलीत पाऊण तास निजवणे म्हणजे झटक्याला बोलावणे आहे. अशा मुलाची वेळ सकाळची पहिली मागावी, दोन तासांच्या मर्यादेपर्यंत पाणी पाजत राहावे, गरज पडल्यास सलाइन लावून घ्यावे आणि पांघरूण सोबत न्यावे.

कागदांत जुने एक्स-रे, रक्ताचे रिपोर्ट, सिकलसेलचे कार्ड, आधार आणि रेशनकार्ड ठेवावे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत तपासणी बसते का, हे भरती होण्यापूर्वी रुग्णालयातील आरोग्यमित्राला विचारून घ्यावे.

टप्पा ६ : यंत्रावर

तपासणीला अर्धा ते पाऊण तास लागतो. आवाज मोठा असतो. कानाला बोळे किंवा हेडफोन मागून घ्यावेत. पेशंटला आडवे पडणेच असह्य असेल तर दुखण्याचे औषध आधी द्यावे, कारण पाय हलला की चित्र वाया जाते. गुडघ्याखाली पातळ उशी आणि दोन्ही पावलांचे अंगठे एकमेकांकडे वळवून चिकटपट्टीने बांधणे, एवढ्याने दोन्ही गोळे सारख्या स्थितीत येतात व तुलना सोपी होते.

डॉक्टरांनी चित्रांचा संच आधी ठरवून द्यावा. प्रथम संपूर्ण ओटीपोटाचा मोठा पट्टा, समोरून, टी-१ (यात चरबी पांढरी दिसते) आणि स्टिर (यात चरबी काळी आणि पाणी व सूज पांढरी दिसते) अशा दोन प्रकारांत. त्यात दोन्ही खुबे, दोन्ही सॅक्रोइलियाक सांधे आणि सोआस स्नायूचा खालचा भाग आला पाहिजे. त्यानंतर दुखऱ्या खुब्याची जवळून, पातळ थरांची चित्रे, निदान दोन दिशांनी. कॉन्ट्रास्ट दिल्यास त्याच्या आधीचे आणि नंतरचे चित्र एकाच पद्धतीने घ्यावे, आणि नंतरचे चित्र पहिल्या काही मिनिटांतच घ्यावे. उशीर झाल्यास कॉन्ट्रास्ट अस्तरातून सांध्यातील पाण्यात झिरपतो आणि जाड अस्तर व पाणी यांतला फरक पुसला जातो. जवळच्या केंद्रात कमी शक्तीचे, उघडे यंत्र असेल तर निराश होऊ नये: चरबीचा उजेड दाबण्याची नेहमीची पद्धत त्यावर नीट चालत नाही, पण स्टिर चालते. कूर्चेचे बारकावे मात्र तिथे शोधू नयेत.

टप्पा ७ : वाचण्याचा क्रम

रिपोर्ट वाचण्याआधी चित्र पाहावे, आणि पाहताना पाण्यापासून सुरुवात करू नये. पाणी सर्वांत ठळक दिसते आणि सर्वांत कमी सांगते. निरोगी खुब्यातही थोडे पाणी असते. झीज, संधिवात, क्षयरोग, पू, तात्पुरती सूज, मोडलेले हाड, सगळ्यांत ते वाढते. मी पुढील क्रम धरतो.

*आधी टी-१वर मज्जा.* टी-१ चित्रात चरबी पांढरी दिसते. मोठ्या माणसाच्या गोळ्यातील मज्जा चरबीची, म्हणून गोळा पांढरा हवा. गोळ्याच्या वरच्या-पुढच्या भागात काळ्या, नागमोडी रेषेने वेढलेला तुकडा दिसला आणि आतली चरबी बऱ्यापैकी पांढरीच राहिली असेल, तर रक्तपुरवठा तुटल्याचे निदान जवळजवळ पक्के होते. टी-२ चित्रात (यात पाणी पांढरे दिसते) त्याच रेषेला लागून आतून दुसरी पांढरी रेषा दिसल्यास शंका उरत नाही. अशा वेळी दुसरा खुबा दुखत नसला तरी पाहावा. मार न लागता झालेल्या प्रकारात अर्ध्याहून अधिक जणांत दोन्ही बाजू गुंतलेल्या असतात.

रेषा नाही, पण गोळा आणि मान सरसकट टी-१वर काळवंडलेली आणि स्टिरवर पांढरीशुभ्र असेल, तर शक्यता वेगळ्या होतात. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीतील बाई किंवा मध्यमवयीन पुरुष, ताप नाही, रक्त नॉर्मल, असे असेल तर तात्पुरती हाडाची विरळता असू शकते, जी सहा ते बारा महिन्यांत आपोआप निवते. कूर्चेच्या लगेच खाली बारीक, तुटक काळी रेषा शोधावी: ती कूर्चेला समांतर, वर फुगलेली असेल तर कमकुवत हाडाचे बारीक फ्रॅक्चर, खाली झोळ पडल्यासारखी, गुळगुळीत असेल तर रक्तपुरवठा तुटणे. या दोहोंत गल्लत झाली की वजन टाळून बरा होणाऱ्या माणसाला ऑपरेशनची तारीख मिळते.

सिकलसेलच्या रुग्णात मज्जा मुळातच लाल असल्याने टी-१वर गडद असते. ती रोगाने भरली असे लिहिण्यापूर्वी दुसऱ्या बाजूशी तुलना करावी.

*नंतर मज्जेतील सूज कुठे आहे.* सांध्याच्या दोन्ही बाजूंना, गोळ्यात आणि तो ज्यात बसतो त्या वाटीत, सूज असेल तर रोग सांध्यातून सुरू झाला असावा; केवळ गोळ्यात असेल तर हाडातून. मुलात पाणी आहे, मज्जा दोन्हीकडे स्वच्छ आहे, आणि न दुखणाऱ्या सांध्यातही थोडे पाणी आहे, हे चित्र तात्पुरत्या सुजेच्या बाजूचे. पाण्यासोबत मज्जाही उजळलेली, भोवतीचे स्नायू सुजलेले, किंवा कॉन्ट्रास्टनंतर गोळ्यात रक्त कमी पोचत असल्याचे दिसले, तर पू गृहीत धरून वागावे.

*मग अस्तर आणि कडा.* क्षयरोग व साधा पुवाचा संसर्ग यांतील फरक इथे दिसतो. क्षयरोगात अस्तर जाड होते व टी-२वर पाण्याइतके पांढरे न राहता मध्यम ते गडद दिसते, हाडाच्या कडा कुरतडल्या जातात, मज्जेची सूज तुलनेने कमी असते, आणि सांध्याबाहेरील गळवाची भिंत पातळ व गुळगुळीत असते. पुवाच्या संसर्गात भिंत जाड व खडबडीत, मज्जेची सूज भरपूर, आणि आजाराचा इतिहास महिन्यांऐवजी दिवसांचा. एक्स-रेतील जुनी त्रयीही जुळवून पाहावी: सांध्याभोवतीचे हाड विरळ, कडेला कुरतडणे, आणि सांध्याची फट हळूहळू कमी होणे. फट महिनोन्महिने टिकून राहते, ही क्षयरोगाची खूण पुष्कळदा नजरेतून सुटते.

अस्तराच्या गाठी सगळ्याच चित्रांत कोळशासारख्या काळ्या असतील आणि ग्रेडिएंट प्रकारच्या (लोह ठळक दाखवणाऱ्या) चित्रात तो काळेपणा फुगून दिसत असेल, तर अस्तरात रक्तातील लोह साचणारा आजार, पीव्हीएनएस, असतो. त्याला क्षयरोग समजून औषधे देण्यात वर्ष जाऊ शकते.

रूमॅटॉइड संधिवातात फट सगळीकडून सारखी कमी होते आणि गोळा आत सरकतो. झिजेत ती वरच्या-बाहेरच्या बाजूने कमी होते व कडेला हाडाचे काटे येतात.

*शेवटी सांध्याबाहेर.* सॅक्रोइलियाक सांध्याच्या कडेला, कूर्चेलगत, एकाहून अधिक थरांत मज्जेची सूज असेल तर दाहक संधिवाताचा विचार करावा व एचएलए-बी२७ ही रक्तचाचणी पाहावी. सूज एकाच बाजूला, हाडाची सीमा ओलांडून स्नायूत उतरलेली असेल तर संसर्ग, आणि मग क्षयरोग व ब्रुसेला दोन्ही तपासावेत. सोआस स्नायूत गळू दिसले तर कण्याचा एमआरआय त्याच दिवशी काढावा.

*सावधान:* सिकलसेलच्या मुलात हाडाचा तुकडा रक्ताअभावी मरणे आणि हाडात पू होणे, ही दोन्ही एमआरआयवर एकमेकांसारखी दिसतात. पहिले कितीतरी अधिक वेळा घडते. हाडाच्या आवरणाखाली पाणी, वरचे कवच फुटलेले, किंवा बाहेर पडणारी वाट असेल तर पुवाची शक्यता वाढते. तरीही निव्वळ चित्रावर निर्णय घेऊ नये. ताप, सीआरपी, रक्ताचे कल्चर आणि गरज पडल्यास सुई, यांवर तो घ्यावा. या मुलांत हाडातील पुवामागे साल्मोनेला असू शकतो, हे प्रयोगशाळेला कळवावे.

टप्पा ८ : चित्रानंतरची सुई

एमआरआय कारणांची यादी लहान करतो आणि सुई कुठे टोचायची ते दाखवतो. जंतूचे नाव तो सांगत नाही. संसर्गाची शक्यता उरली असेल तर सांध्यातील पाणी किंवा अस्तराचा तुकडा घ्यावा. पाण्याच्या पेशी मोजाव्यात, साधे कल्चर, क्षयरोगाचे कल्चर आणि सीबीनॅट (क्षयरोगाच्या जंतूची जनुकीय चाचणी) तिन्ही लावावेत. सांध्याच्या क्षयरोगात जंतू थोडे असतात. त्यामुळे पाण्याचे सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षयरोग नाही असे ठरत नाही, आणि अशा वेळी अस्तराच्या तुकड्याची तपासणी अधिक भरवशाची असते. नमुना घेताना सगळा फॉर्मलिनमध्ये टाकण्याची चूक ऑपरेशन थिएटरमध्ये सर्रास होते. फॉर्मलिनमधल्या तुकड्यातून जंतू वाढत नाहीत; कल्चर व सीबीनॅटसाठीचा भाग साध्या निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा काढावा आणि डब्यांवर चिकटपट्टीने नावे तिथल्या तिथे लिहावीत.

नमुना न घेता क्षयरोगाची औषधे सुरू करण्याला माझा विरोध आहे. औषधाला जंतू दाद देतो की नाही हे नंतर कळायला मार्ग उरत नाही, आणि तीन महिन्यांनी दुखणे तसेच राहिले तर निदान चुकले की औषध चालले नाही, हे कोणीच सांगू शकत नाही. नमुना मिळणे अशक्य असेल तरच अपवाद करावा, आणि त्याचे कारण कागदावर लिहून ठेवावे. संसर्ग नाकारला जाण्यापूर्वी सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन तर देऊच नये.

टप्पा ९ : पुन्हा एमआरआय

उपचार सुरू झाल्यावर मज्जेची सूज चित्रात आठवडे किंवा महिने रेंगाळते. पेशंट चालू लागला, वजन वाढले, सीआरपी उतरला, तर केवळ 'सूज अजून आहे' या रिपोर्टवरून औषध बदलू नये. आणि सारे ठीक चालले असताना महिन्याभरात पुन्हा एमआरआय सांगूही नये. दुखणे वाढले, नवा ताप आला, किंवा तात्पुरती विरळता दोन-तीन महिन्यांत अपेक्षेप्रमाणे निवळू लागली नाही, तर मात्र तो पुन्हा काढावा. दुसरी तपासणी शक्यतो त्याच यंत्रावर, त्याच संचाने करावी. पहिल्या तपासणीची सीडी सोबत न्यावी. फिल्मवर निवडक चित्रे असतात, सगळे थर सीडीतच असतात. सीडी गावाकडे ट्रंकेत राहिली असेल, तर केंद्राकडे जुन्या तपासणीचा क्रमांक सांगून नवी प्रत मागावी, आणि ती मिळेपर्यंत तुलना करणारा रिपोर्ट लिहून घेऊ नये.